पागेतली सवत

मोतद्दारांच्या बायकोला सवत होती, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. सवत पांढरीशुभ्र, चार पायांची, आणि अंगाला खरारा केल्याशिवाय दाण्याला तोंड न लावणारी. सापाच्या विषावरचं औषध जिथे तयार होतं, तिथल्या पागेत ती राहायची आणि मोतद्दार तिची निगा राखायचे. तिला विष थोडं थोडं टोचायचं. तिचं रक्त विषाला पुरून उरायला शिकलं की ते काढायचं, त्यातलं पिवळसर पाणी औषधाला ठेवायचं आणि तांबडा भाग तिचा तिला परत द्यायचा. तो परत जाईपर्यंत मोतद्दार तिच्या मानेवर हात ठेवून, डोळे अर्धे मिटून उभे. तेव्हा त्यांना वाटायचं, पागेच्या भिंती विरघळल्यात, घोडी उंच गवतातून चाललीय आणि साप शहाण्या मुलांसारखे वाटेतून बाजूला होताहेत.

आता ती थकली होती. तिला माळावर मोकळं सोडावं, एवढाच ध्यास मोतद्दारांनी घेतला होता. पण घोड्यांच्या डॉक्टरीणबाई दर तपासणीला म्हणायच्या, "काय तुकतुकीत आहे! अजून देईल रक्त. नवी घोडी तयार व्हायला महिने लागतात, काका. तोवरच्या दाणापाण्याचा खर्च औषधाच्याच किमतीवर चढतो. आधीच ते गरिबाला परवडत नाही."

घरी हे ऐकून बायको फिस्सकन हसली. "अहो, नवरीसारखी नटवता तिला, मग म्हातारी म्हणणार कोण? माझ्या केसांना कधी तेल लावलंत?"

"तू मागितलंस कधी?"

"तिने मागितलं होतं?"

पुढच्या तपासणीआधी मोतद्दारांनी ठरवलं, खरारा नाही म्हणजे नाही! घोडीने त्यांच्या खांद्यावर मान टाकली आणि सगळा निश्चय पाण्यात. बाई आल्या तेव्हा ती चांदण्यासारखी लखलखत होती.

"वा!" बाई म्हणाल्या.

"वा माझ्या हाताला म्हणा," मोतद्दार घुश्शात म्हणाले. "हिला जरा चढावर चालवून बघा."

अर्ध्या चढावरच घोडी थांबली. बरगड्या भात्यासारख्या हलू लागल्या. बाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"आता नाही टोचायचं हिला," त्या हळूच म्हणाल्या.

संध्याकाळी नवरा-बायको माळाच्या कुंपणाशी उभे होते. घोडी धुळीत मनसोक्त लोळत होती, मळून पार करडी झाली होती. मोतद्दारांचे हात शिवशिवले. बायकोने ते घट्ट धरून ठेवले.