जूनमधली धूळ

हारुए गेली, हे तिच्या नवऱ्याने दारात उभं राहून सांगितलं तेव्हा मला आधी रागच आला. शुक्रवारी आम्हाला मासळीबाजारात जायचं होतं. बंदी उठून पापलेट आलं का, ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि ही बाई झोपेतच निघून गेली... रडू नंतर आलं, फोडणी करताना, आणि मग आवरेना.

इथे कुवेतमध्ये, अबू हलीफात, आमच्या बाल्कन्या शेजारी शेजारी. जपानी बाई, त्यातून हायकू लिहिणारी, म्हणजे शांतपणे चहा पीत बसणारी असेल अशी माझी समजूत होती. कसलं काय! पायाला नुसती भिंगरी. माझ्याकडे आली की क्षणभर टेकायची नाही. खिडकी उघड, पडदा सार, मध्येच माझ्या भाजीच्या पिशवीत डोकाव. हायकूत ऋतू सांगणारा एक शब्द लागतो, तो नसला तर तिच्या मंडळींना ती कविताच वाटत नाही, हे तिने मला समजावलं. जपानात असे शब्द पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. कुवेतचे कुणी ठरवलेच नव्हते, म्हणून ती वणवण फिरून गोळा करायची. "इथे कसले ऋतू? ऊन आणि एसी," असं मी म्हटलं की भडकायची. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण तिचं भडकणं मात्र अस्खलित होतं. एकदा मशिदीमागच्या बोराच्या झाडाखाली तिने मला भर दुपारी उभं केलं. बोरं पाहून मी थेट रत्नागिरीच्या शाळेत पोचले, तर ही आपली विचारतेय, "ही थंडीत पिकतात, की थंडी जाताना?" मला सांगता येईना. ज्या बोरांपायी लहानपणी मार खाल्ला, ती नक्की कधी पिकतात...

कविता ती जपानमधल्या एका मासिकाला पाठवायची आणि त्या बहुधा परत यायच्या. तिथले संपादक म्हणजे तिचे गुरूच. "ते म्हणतात, मी ऋतू बनवते," येरझाऱ्या घालत ती म्हणाली होती. "मेधा-सान, मी बनवत नाही. ते इथे आहेत."

ती गेल्यानंतर महिन्याभराने तिचा नवरा, केंजी-सान, शुऐबाच्या कारखान्यातून थेट माझ्याकडे आले, हेल्मेट हातातच. त्याच संपादकांनी आता तिचं पुस्तक काढायचं ठरवलं होतं. अट एकच... पहिल्या कवितेतला एक शब्द बदलायचा. कविता केंजी-साननी मला इंग्रजीत सांगितली, ती मराठीत अशी होईल:

तोझ –
तिच्या बाल्कनीत, माझ्या बाल्कनीत
एकच रंग

तोझ म्हणजे इथलं धुळीचं वादळ. संपादकांना त्या जागी 'वसंतातली धूळ' हवी होती, कारण त्यांच्याकडे धूळ वसंतात येते.

"या पुस्तकाची तिने आयुष्यभर वाट पाहिली," केंजी-सान म्हणाले. "आणि आता एका शब्दासाठी... तुम्ही सांगा. ती तुमची बाल्कनी आहे."

तो दिवस मला लख्ख आठवत होता. जून होता. दारं-खिडक्या लावून आम्ही सगळ्यांनी स्वतःला आत कोंडून घेतलेलं, आणि ही एकटी तोंडाला रुमाल बांधून बाहेर. काचेवर थापा मारत मी ओरडत होते, "आत जा, वेडे!" केंजी-सानना 'बदला' म्हणणं सोपं होतं, पुस्तक आलं असतं, त्या माणसाचं मन शांत झालं असतं. मी म्हटलं, "वसंत नव्हता तो. बदलू नका." हेल्मेटचा पट्टा ओढत "बरं" म्हणून ते उठले. तसं कळवलंही त्यांनी. संपादकांचं उत्तर अजून आलेलं दिसत नाही. केंजी-सान रोज लिफ्टमध्ये भेटतात. मी विचारायला धजत नाही, ते आपण होऊन सांगत नाहीत. तिचं पुस्तक मीच बुडवलं का, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

परवा आईचा गावाहून फोन आला. "हवा कशी आहे गो तिकडे?" इतकी वर्षं याला माझं ठरलेलं उत्तर होतं, "नेहमीचीच."

"थांब हां आई, बघून सांगते," मी म्हटलं, आणि बाल्कनीचं दार उघडलं.