एकाच नंबरावरचे रक्तदाते

आमच्याकडे नेत्याचा वाढदिवस रक्ताशिवाय साजरा होत नाही. केक कापतात, हार घालतात, जेसीबीवरून फुलं उधळतात आणि मंडपाच्या एका कोपऱ्यात गावोगावची पोरं ओळीने आडवी करून त्यांचं रक्त काढतात. रक्तदान ही चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती फ्लेक्सवर. त्या वर्षी फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'तालुक्यातील पहिली डिजिटल रक्तदाता सूची', आणि ती सूची आमच्या ऑफिसात तयार झाली होती.

ऑफिस म्हणजे शिरूरच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, नोकरीसाठी शिरूरला भाड्याने राहत होते. दूध डेअऱ्या, मंगल कार्यालयं, रोपवाटिका अशांना लागतील ते छोटे प्रोग्राम आम्ही लिहायचो. आम्ही म्हणजे मी. आमचे सर गिऱ्हाइकांशी बोलायचे आणि दर दोन वाक्यांमागे 'स्टँडर्ड' म्हणायचे. चहासुद्धा त्यांना स्टँडर्ड लागायचा. नेत्याच्या माणसांनी यादीचा विषय काढताच सरांनी ते काम फुकटात अंगावर घेतलं, कारण नेत्याशेजारी फोटो निघणार होता.

डेटाबेस म्हटलं की लोकांना काहीतरी अवाढव्य वाटतं. आम्ही वापरला तो त्यातला सगळ्यात साधा प्रकार होता. स्वयंपाकघरातल्या फळीवर डबे मांडलेत असं समजा. प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी, आत एक वस्तू. चिठ्ठीला 'की' म्हणायचं, वस्तूला 'व्हॅल्यू'. अशा डब्यांच्या फाईली बनवणारे तयार प्रोग्राम असतात, त्यांना लायब्रऱ्या म्हणतात. त्या अनेक आहेत आणि त्या सगळ्यांशी एकाच पद्धतीने बोलता यावं म्हणून एक सामाईक इंटरफेस आहे. उघड, ठेव, दे, पूस. एवढंच. मागे कुठल्या जातीची फाईल आहे हे तुम्ही विचारायचं नाही आणि तोही सांगत नाही. त्याची एक खोड मात्र आहे. त्याच चिठ्ठीचा डबा आधी भरलेला असेल, तर तो तुम्हाला हटकत नाही. जुनं फेकून देतो, नवं ठेवतो आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. बिचाऱ्याने शहाणपणाचा आव कधीच आणला नव्हता. आव आणणारे त्याच्या बाहेर बसले होते.

सरांनी ठरवलं की चिठ्ठीवर रक्तदात्याचा मोबाईल नंबर असेल आणि आत नाव, गाव, रक्तगट. मोबाईल काय, प्रत्येकाचा वेगळाच असतो, हे त्यांचं ज्ञान. मी माझ्यापुरती खबरदारी म्हणून एक सूचना लिहून ठेवली. नंबर आधीच आलेला असेल तर पडद्यावर लाल पट्टी यायची, 'हा नंबर नोंदवलेला आहे. जुनी नोंद पुसायची का?'

शिबिराच्या दिवशी सर स्वतः लॅपटॉपवर बसले, कारण फोटो तिथे निघत होते. मी शेजारी बसून रक्तदात्यांची कार्डं छापत होते. नेत्याचा उजवा हात समजला जाणारा एक कार्यकर्ता होता. पांढरे कपडे, गळ्यात साखळी, दोन्ही हातांत फोन. तो टेम्पोतून पोरं आणायचा, रांगेत उभी करायचा आणि नंबर विचारला की पोराने तोंड उघडायच्या आत स्वतःचा नंबर सांगायचा. दुसऱ्या पोरालाही तोच, तिसऱ्यालाही तोच. बाकीचे कार्यकर्ते त्याचंच बघून आपापल्या पोरांवर आपापला नंबर ठोकू लागले. लाल पट्टी दर वेळी उगवत होती.

"मॅडम, तुमचं मशीन सारखं न्हाई न्हाई करतंय," तो म्हणाला. "सायबांच्या वाढदिसाला ह्यो अपशकुन कशापायी?"

मी म्हटलं, "ज्याचं रक्त, त्याचा नंबर द्या. पट्टी येणार नाही."

"आवो, पोरं मी आणल्यात! उद्या कुणाला रगत लागलं तर फोन मलाच यायला पायजे. पोरांचे नंबर देऊन मोकळा झालो, तर मला कोण इचारतंय?"

इतकं खरं बोलणारा माणूस मी राजकारणात पुन्हा पाहिला नाही. पोरांच्या अंगातलं रक्त त्याच्या लेखी त्याचं होतं, शेतातल्या उसासारखं. सरांनी हे ऐकलं, मान डोलावली आणि माझ्यादेखत प्रोग्राममधून ती पट्टीच काढून टाकली. मी त्यांना सांगितलं की आता प्रत्येक नवा माणूस मागच्याला खाणार.

"नंतर बघू," सर म्हणाले. "डेटा आतच आहे ना? जातोय कुठे? स्टँडर्ड इंटरफेस आहे."

पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक आकडा होता. 'जतन करा' हे बटण किती वेळा दाबलं, एवढंच तो मोजायचा. तो आकडा वाढत गेला, माईकवरून पुकारला गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी एक पन्नाशीचा माणूस आला. चपला मातीने भरलेल्या, अंगाला मेथीचा वास. तळेगाव ढमढेऱ्याचा होता, भाजीचा टेम्पो बाहेर लावून आला होता. रक्तगट विचारला तेव्हा जरा ताठ बसला. "ओ निगेटिव्ह हाय ताई माझं. लय कमी माणसांत असतंय म्हंत्यात. नीट ठिवा." सरांनी नोंद केली, कार्यकर्त्याने त्यालाही आपल्याच पोरांत धरून स्वतःचा नंबर सांगितला, माझ्याकडून कार्ड निघालं. त्याच्या मागचा पोरगा खुर्चीत बसला, कार्यकर्त्याने पुन्हा तोच नंबर सांगितला आणि मेथीवाला यादीतून गेला. त्याचं रक्त अजून पिशवीत उतरत होतं.

पाच महिन्यांनी माझ्या वहिनीचे दिवस भरत आले. ती दौंडला, कॉलनीतच. दादा वडिलांसारखाच रेल्वेत. तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिच्या अंगात रक्त कमी आहे आणि गट ओ निगेटिव्ह. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर पुण्याहून पिशवी येईपर्यंत थांबता येणार नाही. रक्तपेढीत आज तरी या गटाचं काही नाही. एक रक्तदाता आधीच देऊन ठेवा. घरात कुणाचंच जुळत नव्हतं. दादाने मला फोन केला तेव्हा तो अगदी निर्धास्त होता. "अगं, तुमच्या त्या डिजिटल यादीत असेल की!"

मी फाईल उघडली. अख्ख्या शिबिरातून बोटावर मोजण्याइतक्या नोंदी उरल्या होत्या, दर कार्यकर्त्यामागे एक. नेत्याच्या त्या उजव्या हाताच्या नंबरावर त्याने सगळ्यात शेवटी आणलेला पोरगा होता, बी पॉझिटिव्ह. त्याच दिवशी नेत्याचं दुसरं शिबिर दौंडला झालं होतं, आमच्याच प्रोग्रामवर. तिथली फाईल उघडलीच नाही. तिथल्या लॅपटॉपवर मागची लायब्ररी वेगळी होती, तिने एकाच्या जागी जोडीनेच उघडणाऱ्या दोन फाईली केल्या होत्या आणि पेनड्राइव्हवर आणणाऱ्याने त्यातली जाडजूड दिसली तेवढी आणली होती. लॅपटॉप भाड्याचा, तो केव्हाच परत जाऊन पुसला गेला होता.

मी सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "पण एरर कुठे आलाय?"

एरर आला नव्हता. त्यामुळे त्यांच्या मते काहीच बिघडलं नव्हतं. या माणसाकडे मी काम शिकायला आले होते, हे आठवून मला स्वतःचीच कीव आली.

शिबिराचं रक्त ज्या पेढीने नेलं होतं, तिथे फोन केला. रक्तदात्याची माहिती आम्ही बाहेर देत नाही, आम्हीच त्यांना विचारतो, असं तिथल्या बाईंनी सांगितलं आणि त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी लगेच त्यांच्या कागदावरचा नंबर लावला. फोन उचलला तो नेत्याच्या उजव्या हाताने. फॉर्मही त्यानेच भरले होते.

मग मीच त्याला फोन केला. तळेगावचा मेथीवाला, ओ निगेटिव्ह, तुमच्याच नंबरावर नोंदवलेला, असं सगळं सांगितलं.

"ताई, पोरं किती आणली मी! कुणाचा कंचा ग्रुप, मला काय ठावं? थांबा, सायबांच्या कानावर घालतो."

"साहेबांच्या कानात रक्त आहे का?" मी विचारलं. त्याने फोन ठेवला. पुढच्या वेळी उचललाच नाही.

दादाला मी काय झालंय ते सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा घाबरला. मग भडकला. त्या कार्यकर्त्याला कॉलनीत पाय ठेवू देणार नाही, असं तो आईला दिवसभर ऐकवत होता. वहिनी फोनवर मला फक्त म्हणाली, "मिळंल ना हो ताई कुणीतरी?" मला तेव्हा खरंच रडू आलं.

तळेगावच्या आठवडे बाजाराच्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि भाजीच्या ओळीतून फिरत राहिले. मेथीच्या प्रत्येक ढिगाऱ्यामागचा चेहरा बघत होते. बायका विचारू लागल्या, भाजी घ्यायची का माणूस? मी म्हटलं, माणूस. मग दोघीतिघी हसल्या आणि त्यांनीच शोधून दिला. त्याने मला ओळखलं नाही. कार्ड आठवलं.

"शिबिरानंतर येक फोन न्हाई आला मला," तो म्हणाला. "म्हटलं रगत वाया गेलं जणू. आज यायचं म्हंजी माझी मेथी कोण इकणार? सुकून जाईल."

तो बराच वेळ कुरकुरला. बायको त्याच्यावर ओरडली, "तुमच्या मेथीला काय बाळ व्हायचंय का?" तेव्हा तो उठला. न्हावरा, चौफुला करत आम्ही त्याच्या टेम्पोतून दौंडला गेलो आणि वाटेत त्याने मला खताची महागाई, सुनेचा स्वभाव आणि नेत्याने न केलेला रस्ता हे सगळं ऐकवलं. रक्तपेढीत पोहोचल्यावर बाही वर करून म्हणाला, "काढा लौकर."

ती पिशवी लागली. बाळंतपणात वहिनीला इतकं रक्त गेलं की डॉक्टरीणबाईंनी दादाला बाहेर पाठवलं. पुण्याहून मागवलेलं रक्त त्यानंतर बऱ्याच वेळाने आलं. वहिनी जगली, मुलगी झाली. कार्यकर्त्याने व्हॉट्सॲपवर गुच्छाचं चित्र पाठवलं. ते सगळ्यांना गेलं असणार. मी महिनाअखेरीस नोकरी सोडली. सरांनी विचारलं, कारण काय लिहू? मी म्हटलं, स्टँडर्ड लिहा.

घरी सोडायच्या दिवशी दवाखान्यातल्या क्लार्कने सगळ्यांची माहिती संगणकावर घ्यायला सुरुवात केली. वहिनी खुर्चीत बसली होती, चेहरा अजून पांढराफटक, मांडीवर पोरगी. क्लार्कने पेशंटचा मोबाईल विचारला. दादाने लगेच स्वतःचा सांगितला. बाळाचा विचारला, तोही स्वतःचाच. वर म्हणाला, "पुढच्या वेळी आई आली तर तिच्या कागदावरही हाच टाका. घरातलं सगळं माझ्यावरच असतं."

मी दादाकडे बघितलं. आठवडाभर त्या कार्यकर्त्याला शिव्या घालणारा हाच माझा भाऊ. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "थांबा. माझ्या नावापुढं माझा नंबर टाका."

"अगं, तुला कशाला फोन यायला पाहिजे?" दादा म्हणाला.

"उद्या कुणाला माझं रगत लागलं, तर मला इचारायला नगं?"

क्लार्कने आधीचा नंबर पुसला. वहिनीच्या आवाजात जोर नव्हता, म्हणून त्याने तिला आकडे परत एकदा सांगायला लावले.