माळवदावरची माती

आमच्या माजघराच्या मधोमध बाभळीचा एक टेकू उभा होता आणि मला त्याचा मनापासून राग होता. परात उचलून वळले की कोपर त्याच्यावरच आपटायचं. थोरल्या दिरांनी तो गावाहून गाडीत घालून आणला आणि वाकलेल्या तुळईखाली ठोकून बसवला. जाताना ह्यांना म्हणाले, "पावसापतुर तगंल ह्यो. त्येच्या आत घर इकून टाक अन् गावाकडं चल. बायकापोरं मातीखाली गाडायचीत व्हय?"

हे मान खाली घालून "बघतो" म्हणाले. मी दाराआड उभी होते. थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नव्हती, नाहीतर तिथंच बोलले असते.

सोलापुरातलं ते आमचं पहिलं घर. ह्यांची गिरणीत कारकुनी. घर एका विणकराचं होतं, जुनं, अंधारं आणि वर मातीचं सपाट छत, म्हणजे माळवद. पुढच्या खोलीत मागाचा खड्डा तसाच होता. विणकर त्यात पाय सोडून बसायचा. आम्ही त्यावर फळ्या टाकून आत गोवऱ्या ठेवायचो. एका वर्षी भिंत फोडून खिडकी बसवली. एका वर्षी मोरीला शहाबादी फरशी घातली. चूल तर मी तीनदा मोडून घातली, धूर मनासारखा बाहेर जाईपर्यंत. शेजारणी हसायच्या. हसू देत. सासरी चार वर्षं मी आमटीत मीठ किती घालायचं तेही विचारून घातलं होतं. तिथं परत जायचं नव्हतं मला, स्पष्टच सांगते.

पावसाआधी माळवदाला पांढऱ्या मातीचा थर द्यावा लागतो, नाहीतर घर गळतं. ती माती दर उन्हाळ्यात दीर गावाहून गाडी भरून धाडायचे. सोलापुरात माती मिळत नव्हती असं नाही, पण थोरल्या भावाची गाडी परत कशी पाठवायची? एक पाटीही मागे ठेवली तर अपमान. म्हणून सगळी गाडी वर चढायची, आठ वर्षं, न चुकता.

टेकू बसवला त्याच उन्हाळ्यात मी कुरडया वाळत घालायला वर गेले आणि कठड्याला ठेचकाळून पडता पडता वाचले. सावरले ती बघतच राहिले. पहिल्या वर्षी ह्याच कठड्यावर पाय खाली सोडून मी कावळे हाकत बसले होते. आता तो माझ्या घोट्याएवढा राहिला होता. पन्हळीचं तोंड अर्धं बुजलेलं. कठडा खचला नव्हता, माती वर आली होती. आणि आम्ही तुळईला दोष देत होतो!

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "दादास्नी काय वाटंल?"

"त्यांस्नी वाटायचं ते वाटू द्या. तुळईला काय वाटतं ते बघा."

दुसऱ्या दिवशी मी खुरपं घेऊन एकटीच वर चढले. गिरणी सुटल्यावर हे आले, मला मातीत बसलेलं पाहिलं, टोपी काढली, धोतर खोचलं आणि मुकाट्यानं पाटी उचलली. दोन मजूरबायाही लावल्या. माती टाकायची कुठं, हा प्रश्न मी आधीच सोडवला होता. मागाच्या खड्ड्यातल्या गोवऱ्या काढल्या आणि पाटीमागून पाटी त्यात ओतली. भरल्यावर चोपून सारवून घेतलं, उरलेली माती परसातल्या खाचखळग्यांत गेली. वर वीतभर थर ठेवला, तोही पन्हळीकडे उतार देऊन. तुळईचा बाक गेला नाही, पण आठ दिवसांनी टेकू हातानं हलायला लागला. मी पाटावर उभी राहिले आणि वरवंट्यानं ठोकून तो काढला.

नंतर यंदाची गाडी आली, बरोबर खुद्द दीर. पुढच्या खोलीत घोंगडीवर बसले आणि त्यांची नजर माजघरात गेली.

"टेकू कुनी काडला?"

हे जमिनीकडे बघायला लागले. मी पदर सावरला आणि दाराआडून पुढे आले.

"मी काढला."

दिरांनी माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे पाहिलं. "अन् वरची माती?"

"तुमी बसलाय तिच्यावरच," मीच म्हणाले.

दिरांनी घोंगडी सारून तळहातानं जमीन थोपटली. मग उठून माजघरात गेले, तुळईखाली उभे राहून वर बघत राहिले. परत आले ते मला विचारत, सरळ माझ्याकडे बघून, "यंदाची गाडी भरून आनलीय की. ती कुटं टाकू?"

"अंगणात टाका. बसायला वटा घालायचाय."

त्यांनी गाडीवानाला हाक मारली. घर विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. ऊन कलल्यावर रिकामी गाडी निघाली, तेव्हा तो टेकू मी स्वतः उचलून तिच्यात घातला.