कविताच्या दोन टोपल्या

खोडाळ्याच्या बाजारात खेकडे विकणाऱ्या पाच-सहा बायका बसतात, पण दोन टोपल्या मांडते ती एकटी कविता. एकीत डोंगरमाथ्यावरच्या कातळातले काळपट खेकडे, दुसरीत खालच्या भातखाचरातले तांबूस. भाव एकच, रस्साही दोन्हींचा झकास. मग ही उठाठेव कशाला, असं गिऱ्हाईक विचारायचं.

"दोन्ही येगळं हायेत," एवढंच ती सांगायची.

"उन्हानं रापलेत ते," शेजारची मिरचीवाली हसायची. "तू नाय का लग्नाआधी गोरी होतीस?"

हे तिला झोंबायचं. शाळेला तिने तिसरीतच रामराम ठोकला होता, पण खेकड्यांच्या बाबतीत तिला कुणी शहाणपण शिकवायचं नाही. आठव्या वर्षापासून आईबरोबर ओढ्यातल्या बिळांत हात घातलेले. आईचे दोन नेम तिने आजवर पाळले. पोटाखाली पिलं घेऊन फिरणारी मादी धरायची नाही, आणि माथ्याचा न् खालचा माल एकत्र करायचा नाही. एका पावसाळ्यात मुद्दाम तिने दोन्हीकडचे नर-माद्या एका पिंपात ठेवून पाहिले. तीन महिने गेले, पण एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहतील तर शपथ!

यंदा श्रावणात नेत्रा मॅडम बाजारात आल्या. जव्हारच्या कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवतात. दोन टोपल्या पाहून त्या हसल्या नाहीत, चिखलात उकिडव्या बसल्या. कविताला तिथेच त्या आवडल्या.

"कविताताई, आई पिलं सोडते कुठे?"

"त्याच पाण्यात. जाणार कुठं?"

तिथेच तर मेख आहे, मॅडम म्हणाल्या. समुद्रातल्या खेकड्यांची पिलं पाण्याबरोबर लांब वाहून जातात. ही आईच्याच वस्तीत राहतात. मधे उभा कडा असला की माथ्याचे माथ्यावर, खालचे खाली. प्रत्येक विणीत काही पिलं जरा काळपट, काही तांबूस निघतातच. काळ्या कातळावर तांबूस पिलू बगळ्याला आधी दिसतं, तांबड्या चिखलात काळपट. जी वाचतात त्यांचीच पुढे वीण. असे आणखीही बारीकसारीक फरक साठत जातात, आणि हजारो पिढ्यांनी दोघं समोरासमोर आले तरी त्यांची जोडी जमत नाही.

"म्हंजे सोयरीक तुटली," कविता म्हणाली. "डोंगरापल्याड मुली देणं बंद झालं तं दोन पिढ्यांत त्यांची बोली आपल्याला कळत नाय. इथं तं हजारो पिढ्या!"

मॅडमनी तिला टाळी दिली. पण नुसत्या रंगावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. पुढच्या बाजाराला दोन्हीकडचे वीस-वीस नर आणायचे, कारण जात नराच्या अवयवांवरूनच पक्की ठरते; मुंबईचे एक तज्ज्ञ भिंगाखाली तपासतील. कविताचं म्हणणं खरं की खोटं, ते तेव्हा ठरणार होतं. बातमी बाजारभर झाली.

आणि ठरलेल्या बाजाराच्या दिवशी तिच्या नवऱ्याने, सुकऱ्याने, घात केला. दोन टोपल्या कोण वाहणार, म्हणून त्याने सगळे खेकडे एकाच गोणीत कोंबून आणले. चिखलात लडबडून काळा-तांबडा सगळा एकच रंग! कविताने कपाळावर हात मारला. मॅडमचा चेहरा उतरला.

"आता सांग, कोणता कुठला!" मिरचीवालीला उकळ्या फुटल्या.

कविताने पदर खोचला, डोळे मिटले आणि गोणीत हात घातला. एकेकाच्या पाठीवरून अंगठा फिरवायचा: चपटा, माथ्याचा. फुगीर, खालचा. ढीग पडत गेले, भोवती माणसं जमली. एक खेकडा मात्र तिच्या हातात अडला. दोनदा अंगठा फिरवून तिने तो बाजूला ठेवला.

"हा माझा नाय."

सुकऱ्या पाय घासू लागला. "एक कमी पडत होता. वांगणीला बहिणीकडं गेलो तवा तिथल्या ओढ्यातला धरला. म्हटलं, चाळीस भरतील."

मुंबईची तपासणी होऊन दिवाळीत मॅडमचा फोन आला. एकोणचाळीसांत कविताची एकही चूक नव्हती. दोन्ही खरोखरच वेगळे. "आणि वांगणीचा या दोन्हींत बसत नाही. पुढच्या पावसात तिथले आणखी हवेत."

कविता इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. हे ऐकायला आई असायला हवी होती, असं ती मोठ्याने म्हणाली. मग सुकऱ्याला तिने बांबू तोडायला पिटाळलं.

आषाढातल्या पहिल्या बाजारी तिसरी टोपली आली. तिन्ही टोपल्या सुकऱ्यानेच वाहून आणल्या, एकेक वेगळी. मिरचीवालीने आपला मिरच्यांचा ढीग हातभर सरकवून जागा करून दिली.