सांगंल कोण?

"लेकरापुढं असलं लावू न्हाई, बाई," शेजारच्या काकू आईला म्हणाल्या.

"ते बराबर हाय. पण तिला उठवलं तर आपल्याला सांगंल कोण?"

लेकरू म्हणजे मी. तेव्हा दहावीत होते. खऱ्या गुन्ह्यांचा तो हिंदी कार्यक्रम रविवारी दुपारी पुन्हा लागायचा. हट्टा गावातल्या आमच्या घरात चार बाया कापसाच्या शेवटच्या वेचणीची न उमललेली बोंडं सोलत बसायच्या. बाजारातली हिंदी त्यांना यायची. पोलिसांची जड हिंदी आणि मधले इंग्रजी शब्द डोक्यावरून जायचे. मी वसमतच्या इंग्रजी शाळेत जायचे, म्हणून ते काम माझ्याकडे. वर्गात उभं केलं तर माझा आवाज फुटत नसे. इथे मात्र गळा कसा दाबला, प्रेत कुठे पुरलं, हे मी सांगायचे, आणि बाया "अगं माय!" म्हणत पुढचं बोंड उचलायच्या.

प्रत्येक भागानंतर माझं काहीतरी बंद व्हायचं. आधी सायकल, मग मैत्रिणीकडचा मुक्काम. अकरावीला नांदेडच्या वसतिगृहात जायचं की नाही, ते बाबांनी आईवर सोडलं होतं, आणि आईनं टीव्हीवर.

त्या दिवशी पडद्यावर वसतिगृह दिसलं. लोखंडी खाटा, दोरीवरचे कपडे, हसणारी एक मुलगी. मग पांढरी चादर.

"पाहा," काकू आईला म्हणाल्या. "अन् तुमी पोरीला नांदेडला धाडायलात!"

आईचे हात थांबले. पडद्यावरचा अधिकारी भराभरा बोलत होता. भाग संपला, साबणाची जाहिरात लागली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"काय म्हणला गं तो? कोणी मारलं?"

खरं तर मला काहीच सांगायचं नव्हतं. आता उठून आत जावं, इतकंच वाटत होतं. पण अधिकारी काय म्हणाला ते न सांगता मी गेले असते, तर वसतिगृहच दोषी ठरलं असतं.

"वसतिगृहात तिला काही झालं नाही," मी म्हणाले. "सुट्टीत घरी आली, तेव्हा मारलं. सख्ख्या चुलत्यानं. आई, मला नांदेडला जायचंय. आणि पुढच्या रविवारपासून मी हे सांगणार नाही."