पहिल्या विमानाच्या आत

माझ्या बायकोच्या मते मला अपराधी वाटून घ्यायला कारण लागत नाही. गल्लीत कुणाची सायकल पंक्चर झाली तरी मी आधी आपल्या कुंपणाच्या काट्यांकडे पाहतो. पण गेल्या पावसाळ्यात जे झालं ते खरोखर माझ्यामुळे झालं, आणि तेही खोटं बोलून नाही, अगदी काटेकोर खरं बोलून.

तिला आमवात आहे. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. शरीराचं रक्षण करणारी ताकदच उलटून आपल्या सांध्यांवर तुटून पडते, असा हा आजार. तिची बोटं सुजायची, मनगटं वळायची नाहीत, सकाळी उठल्यावर मूठ मिटायची नाही. पहिली दोन वर्षं मी तिला तेल, काढे आणि दुखणं दाबायच्या गोळ्या यांतच फिरवलं. त्याचा सल मला आहेच, पण तो विषय काढला की ती म्हणते, "झालं ना जी आता. भाजी निवडा."

तिचं स्वतःचं दुःख एकच होतं. दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या दिवशी घरोघरी पाहुणे येतात, आणि आमच्याकडे येणारे पाहुणे मंडई पाहायला कमी, तिच्या हातची लांब रोटी खायला जास्त येतात. कणीक पातळ भिजवायची, पाट्यावर आपटून आपटून तिला तार आणायची, मग दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत पसरायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायची. सगळा खेळ मनगटांचा. मागच्या दोन मंडयांना पाहुण्यांनी साध्या पोळ्या खाल्ल्या. कुणी एका शब्दाने तक्रार केली नाही. तेच तिला लागलं.

उन्हाळ्याच्या तोंडी गोंदियातल्या एका दवाखान्यात या आजारावरच्या औषधांचा अभ्यास सुरू झाला. आठवड्यातून एकदा घ्यायची नेहमीची गोळी सगळ्यांना होतीच. तिच्या जोडीला रोज घ्यायच्या गोळीची एक डबी मिळणार होती. काहींच्या डबीत नवं औषध, काहींच्या डबीत नुसतीच औषध नसलेली गोळी, आणि कुणाला काय दिलं हे अभ्यास संपेपर्यंत कुणालाच कळणार नव्हतं.

"तुमाले बी माईत नाई?" बायकोने तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"नाही काकू. मला कळलं तर मी तपासताना उगाच चांगलंच पाहीन."

"बाप्पा! डॉक्टरलेच माईत नाई, अन् आमी ऑटोचे पैसे देऊन येऊन रायलो." पण तिने सही केली. "मंडईवरी मनगट वळलं पायजे, बस."

डॉक्टरीणबाई तिचे सांधे एकेक करून दाबत, कुठे दुखतं ते विचारत. पकड मोजायला बीपीचा पट्टा थोडा फुगवून तिला मुठीत आवळायला देत. गोळीने यकृताला त्रास होतो का हे पाहायला रक्त घेत, आणि ताप, खोकला किंवा तोंडात फोड आला तर लगेच कळवा असं दर वेळी बजावत. शेवटी विचारत, "सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?"

पहिल्याच दिवशी तिने उत्तर दिलं, "चौथं विमान जाईवरी."

आमचं गाव बिरसीच्या विमानतळाच्या बाजूला. तिथे विमान चालवायला शिकणारी पोरं सकाळपासून आमच्या धानाच्या बांध्यांवर, म्हणजे शेतांवर, घिरट्या घालतात. बायका त्या घरघरीवर आपली कामं बांधतात. पहिल्या विमानाला चहा, दुसऱ्याला सडा-सारवण. घड्याळ आमच्या घरी आहे, पण ते माझ्या खोलीत आहे.

डॉक्टरीणबाई हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. मी शिक्षक. ही पाचला उठते, चौथं विमान अमुक वाजता जातं, म्हणजे इतका वेळ, असा मी तोंडी हिशेब करून दिला. त्यानंतर दर आठवड्याला दवाखान्यातून फोन यायचा तो माझ्याच मोबाइलवर. तिचा फोन तांदळाच्या कोठीवर पडलेला असतो आणि वाजला तर ती त्याला "थांब रे बाबा" म्हणते. मी सकाळीच तिला विचारून ठेवायचो आणि दुपारी शाळेतून उत्तर द्यायचो.

उन्हाळाभर बातमी चांगली होती. चौथ्या विमानावरून ती तिसऱ्यावर आली, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर. धानाच्या रोवणीच्या सुमारास एका सकाळी तिने सांगितलं, "पयल्या विमानाच्या आत होते आता." मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी वर्गात पाढे न विचारताच मुलांना सोडलं. त्याचंही मला नंतर वाईट वाटलं.

पण पावसाळ्यात विमानांचं काही खरं नसतं. ढग खाली असले की ती उडतच नाहीत. तिचं उत्तर मात्र दर वेळी तेच, पहिल्या विमानाच्या आत. कधी अकरा वाजता, म्हणजे माझ्या दुसऱ्या तासाला, पहिली घरघर ऐकू यायची आणि सगळा वर्ग खिडकीशी जायचा. त्या दिवशी फोन आला की मी सांगायचो, सहा तास. कधी विमान दुपारनंतर उडायचं, तर नऊ तास. मला स्वतःला धक्का बसायचा. हे बरोबर नसेल, थोडं कमी सांगावं, असं मनात यायचं. पण औषधाच्या अभ्यासात खोटं बोलायचं? कितीतरी लोकांच्या औषधाचा प्रश्न. मी मन घट्ट करून नऊ तासच सांगायचो. घरी मात्र तिला काही बोलायचो नाही. बिचारी सोसते आहे आणि सांगत नाही, असं मला वाटायचं.

पोळा झाल्यावर आम्ही तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी सांधे दाबले, पट्टा आवळायला दिला, मग समोरच्या स्क्रीनवरचे आकडे पुन्हा वाचले.

"काकू, सूज उतरलीय, पकड वाढलीय. पण सकाळचा आखडलेपणा फारच वाढलाय. असंच असेल तर नियमाप्रमाणे मला ही गोळी बंद करावी लागेल. दुसरी सुरू करू, पण तिचा गुण यायला दोन-तीन महिने जातील."

दोन-तीन महिने म्हणजे मंडई गेली. बायकोचा चेहरा उतरला. "काऊन बंद? मी तं बरी हावो ना!"

"सकाळी नऊ-नऊ तास हात आखडतात म्हणून."

"कोणाचे?"

"तुमचे."

"नऊ तास? नऊ तासात तं माह्या दोन टायमाचा सैपाक होते! कोणं सांगतलं?"

खोलीत तिसरा माणूस मीच होतो. मी सगळं सांगितलं. विमान, ढग, दुसरा तास, सगळं.

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबायला तोंडावर हात ठेवला. बायकोने ठेवला नाही. "अजी, विमान नाई उडलं तं मी का हात बांधून बसतो का? पयल्या विमानाच्या आत म्हनलं मी. आत! चूल पेटेवरी होते आता."

"मग तू ते सांगायचं ना."

"तुमी इचारलं का? तुमी तं विमानच इचारत होते. सकाळी उठून एक डाव माह्या हाताकडे पायलं असतं तं कळलं असतं."

 

मी डॉक्टरीणबाईंना हात जोडून म्हटलं, मागची सगळी उत्तरं खोडून टाका. त्या म्हणाल्या, "खोडता येत नाही, सर. जे सांगितलं ते तसंच राहणार. बाजूला लिहायचं, नवऱ्याने विमानावरून सांगितलं."

"झालं," बायको म्हणाली. "आता अभ्यासात कायमचे लिवले गेले तुमी."

त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. ती नुसती मूठ उघडत होती, मिटत होती, आणि मी पहिल्यांदा नीट पाहत होतो. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई दारात आल्या. "तीच गोळी चालू. पण यापुढे फोन काकूंना."

आता फोन वाजला की ती कोठीकडे पळते. "थांब रे बाबा" म्हणणं बंद झालं आहे.

मंडईच्या दिवशी पाहुण्यांनी अंगण भरलं. तिने पदर खोचला आणि कणीक पाट्यावर आपटायला घेतली. मी चुलीत लाकडं सारत बसलो, नजर तिच्या मनगटांवर. पहिली रोटी कोपरापर्यंत झुलली, मडक्यावर जाताजाता मधोमध फाटली. तिने हात झटकले, दुसरा गोळा उचलला. ही रोटी पातळ, लांब, रुमालासारखी उतरली. पाहुण्यांनी एकच गलका केला.

डबीत खरं औषध आहे की नुसतीच गोळी, हे अजून कुणालाच माहीत नाही.

पहिली पंगत बसली. तिने सगळ्यांना वाढलं, मग माझ्याजवळ आली आणि फाटकी रोटी माझ्या ताटात टाकली.

"हे तुमची," ती म्हणाली. मी ती मटणाच्या रश्शात बुडवून खाल्ली, आणि आणखी एक फाटते का म्हणून वाट पाहत बसलो. फाटली नाही.