आजीचे दात

मंडळीच्या पंचांनी, चर्चच्या कारभाऱ्यांनी, मला केसांना धरून उठवलं. नाक टेबलाच्या कडेवर आपटलं. प्रभुभोजनाच्या पांढऱ्या कापडावर रक्त पडलं.

"तुमची पंगत शेवटची. ठाऊक नाही?"

मी सोळा वर्षांची होते. आमच्या खेड्यातली मेथॉडिस्ट मंडळी लहान, त्यातली निम्मी मुंबईत गिरणीत आलेली. परळला एका शाळेच्या वरच्या खोलीत रविवारी उपासना व्हायची. प्याला एकच. आधी पंचांच्या मराठा घरातली माणसं गुडघे टेकणार, मग आम्ही महारवाड्यातले. त्या रविवारी बाहेर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा होता. अश्रुधुरामुळे माणसं थोडीच आली. पुढे जागा रिकामी दिसली, मी गुडघे टेकले. एवढंच.

उपासना चालवणाऱ्या पाळकांनी प्याला पुढच्याला दिला. आईने माझ्या नाकाला पदर लावला. "गप बस गं. घरी जाऊ."

मग पंचांनी वही उघडली. गावच्या देवळाला, म्हणजे आमच्या चर्चला, पन्नास वर्षं झाली होती, त्याचा इतिहास त्यांनी लिहून आणला होता.

"गावकऱ्यांच्या प्रेमाने देऊळ उभं राहिलं."

मी उभी राहिले. "माझ्या आजीने, सगुणाबाईने, भिंतीच्या चिखलासाठी गावविहिरीचं पाणी काढलं. तुमच्या बापाने दगडाने तिचे दात पाडले. ते लिहा."

पंचांचं घर ख्रिस्ती झालं ते त्यानंतर बारा वर्षांनी. आजी मरेपर्यंत भाकरी पाण्यात भिजवून खायची. आणि दर प्रभुभोजनाला त्याच माणसाचा उष्टा प्याला तोंडाला लावायची.

पंच आले. एक थोबाडीत बसली. दुसरीसाठी उचललेला हात मी धरला आणि चावला. हाड लागेपर्यंत. आजीला दात नव्हते, मला होते.

त्यांच्या घरातल्या चौघांनी मला लाथा घालत जिन्यावरून खाली ढकललं. खाली पोलीस दिसेल त्याला झोडत होते. एक लाठी माझ्याही पाठीवर बसली. पोलिसाला माझी जात ठाऊक नव्हती. वरच्यांना होती.

आता देवळाची शंभरी आहे. पंचांचा नातू इतिहासाचं पुस्तक छापतोय. माझा फोटो मागायला आला.

"आजी, जुनं उकरायला नको. चांगलं तेवढंच घेऊ."

मी फोटो दिला नाही. म्हटलं, "पहिल्या पानावर सगुणाबाईचे दात घे. नाहीतर शंभरीच्या प्रभुभोजनाला मी पुढच्या पंगतीत येऊन बसते. माझे अजून चार शिल्लक आहेत."